फळ्यावरचं वहीत उतरेना: जन्मजात हृदयदोष असलेल्या एका मुलाचं प्रकरण

तिसरीतल्या एका मुलाची गणिताची वही माझ्यासमोर उघडी होती. हातच्याच्या बेरजा. ४८७ अधिक २६५. वरची संख्या नीट लिहिलेली, खालची मात्र एक घर डावीकडे सरकलेली: ८ च्या खाली ५, ४ च्या खाली ६, आणि २ एकटाच पुढे गेलेला. उत्तर लिहिलं होतं ३१३७. बाईंनी लाल फुली मारून शेजारी लिहिलं होतं, ‘लक्ष कुठे असतं?’ मी ती बेरीज स्वतः करून पाहिली. जे आकडे एकमेकांखाली आले होते त्यांची बेरीज बरोबर होती, हातचासुद्धा चुकला नव्हता. वही मिटली आणि त्याला तोंडी विचारलं. छताकडे बघत, बोटं न मोजता, थोड्या वेळाने तो म्हणाला, “सातशे बावन्न.”

त्याला इथे अर्णव म्हणते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय ८ वर्षं ४ महिने, राहायला धायरीत. वडील चाकणला कंपनीत शिफ्टमध्ये, आई घरून पोळी-भाजीचे डबे देते, घरात आजी. शाळा सेमी इंग्रजी. मी बालविकासाच्या क्षेत्रात काम करते. शिकण्यात मागे पडणारी, उशिरा चालणारी-बोलणारी मुलं माझ्याकडे येतात. अर्णवला शाळेनेच पाठवलं होतं. चिठ्ठीत कारण लिहिलं होतं: आळस, काम अपूर्ण ठेवणे.

आईची तक्रार वेगळी होती. “मॅडम, तो हुशार आहे हो. गोष्ट एकदा ऐकली की तोंडपाठ. पण लिहायला बसवलं की रडतो.” फळ्यावरचं वहीत उतरवताना तो अर्ध्या ओळीतच अडायचा. शर्टाची बटणं एक खाली, एक वर. बुटाची नाडी अजून आजीच बांधायची. डबा, बाटली, स्वेटर यांपैकी काहीतरी रोज वर्गात राहायचं. घरच्या अभ्यासाला संध्याकाळचे तीन तास. शेजारच्यांच्या सांगण्यावरून अबॅकसच्या क्लासलाही घातलं होतं. दोन महिन्यांत क्लासच्या दिवशी सकाळपासूनच पोट दुखायला लागलं, तेव्हा बंद केलं.

आधी एका ठिकाणी बुद्ध्यांक काढून झाला होता. ९६. खाली लिहिलं होतं, ‘सरासरी. काळजीचं कारण नाही.’

मी नेहमीप्रमाणे जन्माचं विचारलं. आईने नकळत स्वतःच्या छातीवर हात ठेवला. “ते ऑपरेशन झालंय लहानपणी. पण ते आता एकदम बरं आहे, डॉक्टर म्हणाले हृदयाचं काही टेन्शन नाही.” ती फाइल तिने आणलीच नव्हती. आणावी असं तिला वाटलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. अक्षराचा हृदयाशी काय संबंध? पुढच्या भेटीला ती फाइल आली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, दोन रबरबँड लावून.

दिवस पूर्ण भरलेले, वजन २.७ किलो, जन्म एका लहानशा प्रसूतिगृहात. विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी व्यवस्थित असल्याचा शेरा. दुसऱ्या दिवशी दूध ओढताना ओठ निळे पडले. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ऑक्सिजन ६६ टक्के. तिथून अ‍ॅम्ब्युलन्स, मोठं रुग्णालय, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. निदान झालं, दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल. शरीराला रक्त नेणारी महाधमनी निघायला हवी डाव्या कप्प्यातून, ती निघाली होती उजव्यातून, आणि फुप्फुसांकडे जाणारी धमनी डाव्यातून. म्हणजे अशुद्ध रक्त शरीरात फिरून पुन्हा शरीरातच, आणि शुद्ध रक्त फुप्फुसांतून फिरून पुन्हा फुप्फुसांतच. दोन्ही रक्तं कुठे मिसळली नाहीत तर बाळ जगत नाही. या दोषात हृदयाचे चारही कप्पे नेहमीसारखेच दिसतात, त्यामुळे सोनोग्राफीत धमन्या निघतात कुठून आणि एकमेकींना ओलांडतात का हे मुद्दाम पाहिलं नाही तर तो निसटतो.

या दोन धमन्यांना जोडणारी एक नलिका जन्मानंतर बंद होते; ती उघडी ठेवणारं प्रोस्टाग्लँडिन हे औषध अर्णवला सुरू झालं. मग फुग्याने वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याचं छिद्र मोठं केलं. ही युक्ती १९६६ साली फिलाडेल्फियात विल्यम रॅशकिंड यांनी काढली. अकराव्या दिवशी धमन्या कापून आपापल्या योग्य जागी जोडल्या. असं पहिलं यशस्वी ऑपरेशन १९७५ साली ब्राझीलमध्ये अदिब झातेने यांनी केलं. त्याआधीच्या काळात, काहीच उपचार न झालेली बहुतेक बाळं वर्षभरात जात. अर्णव जिवंत आहे, धावतो, भांडतो, हे त्या शल्यविशारदांचं आणि त्या अतिदक्षता विभागातल्या सिस्टरांचं कर्तृत्व आहे. पुढे मी जे लिहिणार आहे त्याने त्यात तसूभरही उणं येत नाही.

डिस्चार्जचा कागद नऊ पानांचा होता. चौथ्या पानावर एक ओळ सापडली: शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी एक फिट, औषधाने आटोक्यात. अतिदक्षता विभागात १७ दिवस. शेवटच्या पानावर औषधांचे डोस, जखमेची काळजी, लसीकरण, इकोच्या तारखा. बाळ मान कधी धरेल, बसेल कधी, कोणाला दाखवायचं, याबद्दल नऊ पानांत एक अक्षर नव्हतं. त्यानंतरच्या आठ वर्षांच्या कागदांतही नव्हतं.

आईला विचारत गेले तसं एकेक बाहेर आलं. छातीच्या हाडाला टाके होते म्हणून पहिले काही आठवडे त्याला काखेत धरून उचलायचं नाही, पालथं घालायचं नाही असं सांगितलं होतं. ते आठवडे संपल्यावर आता घाला असं कोणी सांगितलं नाही, म्हणून तो पालथा असा कधी राहिलाच नाही. बसला दहाव्या महिन्यात. चालला एकोणिसाव्या. “मुलगे उशिराच चालतात,” आजी म्हणाल्या. चौथ्या वर्षापर्यंत खाणंही कोणीतरी भरवलं तरच.

मग आजी थोड्या गप्प झाल्या आणि सुनेकडे न बघता म्हणाल्या, “ग्रहणात विळीवर बसली होती. मी नको म्हणत होते.”

आई मान खाली घालून होती. आठ वर्षं हे वाक्य त्या घरात होतं. मी सगळी कामं बाजूला ठेवली आणि एका कोऱ्या कागदावर हृदय काढलं.

आजींना सांगितलं ते असं. धमन्या कुठून निघायच्या हे पोटात पहिल्या दोन महिन्यांतच ठरतं, पुष्कळदा आईला दिवस राहिल्याची जेमतेम खात्री होते तोवर. ग्रहण पाचव्या महिन्यातलं. तोवर हृदय घडून झालेलं होतं. विळीने त्यात काही बदलत नाही.

दुसरी गोष्ट मी दोघींनाही सांगितली, कारण अर्णवच्या वहीचं मूळ तिथे आहे. पोटातल्या बाळाची फुप्फुसं श्वासाचं काम करत नसतात. ऑक्सिजनने भरलेलं रक्त वारेकडून नाळेवाटे येतं. निसर्गाने ते थेट हृदयाच्या वरच्या पडद्यातल्या फटीतून डाव्या बाजूला जाईल अशी सोय केलेली असते, म्हणजे सगळ्यात चांगलं रक्त महाधमनीतून आधी हृदयाला आणि डोक्याला मिळतं. अर्णवच्या डाव्या कप्प्याला महाधमनी नव्हतीच, फुप्फुसाची धमनी होती. त्यामुळे ते चांगलं रक्त चाललं फुप्फुसांकडे, आणि डोक्याकडे चाललं वापरून आलेलं, कमी ऑक्सिजनचं. मेंदू सगळ्यात झपाट्याने वाढतो तो शेवटच्या तीन महिन्यांत. नेमकं तेव्हाच त्याला थोडं कमी मिळत राहिलं.

ही गोष्ट आज चांगली तपासलेली आहे. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी अशा दोषांच्या नवजात बाळांचे एमआरआय काढले. दिवस पूर्ण भरून जन्मलेली ही बाळं, पण मेंदूची घडण मात्र कमी दिवसांच्या बाळासारखी. शस्त्रक्रियेआधीच जवळपास तिघांपैकी एकाच्या मेंदूत इजेच्या खुणा होत्या. २००९ साली फिलाडेल्फियातल्या अभ्यासात हे अंतर साधारण महिन्याभराचं निघालं. २०१५ साली टोरांटोच्या गटाने पोटातल्या बाळांचे एमआरआय करून दाखवलं की डोक्याला मिळणारा आणि मेंदूने वापरलेला ऑक्सिजन या बाळांत कमी असतो, आणि जिथे वापर कमी तिथे मेंदूचा आकारही लहान.

त्याच्या आधीची कित्येक वर्षं सगळ्यांचा संशय शस्त्रक्रियेवर होता, विशेषतः शरीर थंड करून रक्ताभिसरण काही मिनिटं पूर्ण थांबवण्यावर. बोस्टनमध्ये १९८८ ते १९९२ दरम्यान अर्णवच्याच दोषाच्या १७१ बाळांवर दोन पद्धतींची तुलना झाली: एका गटात मुख्यतः अभिसरण थांबवून, दुसऱ्यात कमी प्रवाह चालू ठेवून. वर्षाच्या वयाला दुसरा गट थोडा सरस होता. पण त्या संशोधकांनी मुलांना सोडलं नाही, आणि यासाठी त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. आठव्या वर्षी पाहिलं, सोळाव्या वर्षी पाहिलं. मोठेपणी दोन्ही गट जवळजवळ सारखेच निघाले, आणि दोन्ही एकाच जागी अडत होते: आकार आणि जागेचं भान, कामाची आखणी, लक्ष, स्मरण, समोरच्याच्या मनातलं ओळखणं. बुद्ध्यांक सरासरीच्या आसपास. तरी सोळाव्या वर्षापर्यंत जवळपास दोन तृतीयांश मुलांना कधी ना कधी अभ्यासासाठी किंवा वर्तनासाठी खास मदत घ्यावी लागली होती. शस्त्रक्रियेच्या काळात फिट आलेली मुलं जास्त मागे होती. चौथ्या पानावरची ती ओळ म्हणूनच मला महत्त्वाची वाटली.

२०१५ साली २२ केंद्रांतल्या १७७० मुलांचा एकत्रित अभ्यास आला. शस्त्रक्रियेचे तपशील या मुलांमधल्या फरकाचा थोडाच भाग समजावून देतात, असं त्यात दिसलं. काही मुलांत तर हृदय आणि मेंदू दोन्ही घडवणाऱ्या जनुकांमध्येच बदल असतो, हेही त्याच वर्षी पुढे आलं. थोडक्यात, शस्त्रक्रिया कितीही उत्तम होवो, मुलाच्या मेंदूकडे वेगळं बघावंच लागतं.

आता ९६ कडे वळते. तो आकडा चुकीचा नव्हता. चाचणी नागपूरला मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बसवलेली होती, नीट घेतलेली होती. मी त्या केंद्राकडून मूळ तक्ता मागवला. तोंडी भागात १०९, हाताने करायच्या भागात ८३. दोघांची गोळाबेरीज करून आलेला ९६ ‘सरासरी’ म्हणून घरी पाठवला गेला. इतक्या अंतराच्या दोन आकड्यांची सरासरी त्या मुलाबद्दल काहीच सांगत नाही, हे आमच्या क्षेत्रातल्या सगळ्यांना शिकवलेलं असतं. तरी कामाच्या गर्दीत खालचा एकच आकडा वाचला जातो. मीही पूर्वी असं वाचलेलं आहे.

मी त्याला एक किचकट आकृती बघून काढायला दिली. मोठा आयत, त्यात तिरप्या रेघा, आत-बाहेर लहान आकार. बहुतेक मुलं या वयाला आयतापासून किंवा मोठ्या रेघेपासून सुरुवात करतात. अर्णवने सुरुवात केली आतल्या लहान वर्तुळापासून. मग त्याला लागून असलेली रेघ, मग तिला लागून पुढची. कागद उजवीकडे संपला तेव्हा अर्धी आकृती उरली होती. “बाई, कागद छोटा आहे,” तो म्हणाला. बोस्टनच्या मुलांनाही अशीच आकृती दिली होती आणि तीही तिथेच अडखळली होती.

डोळे, कान, हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासून घेतलं, सगळं ठीक. कार्डिओलॉजिस्टशी फोनवर बोलले. अंगात दुसरा दोष नाही, चेहऱ्यामोहऱ्यात काही वेगळं नाही, म्हणून जनुकीय तपासणी तूर्त नको असं दोघांचं मत पडलं. मेंदूचा एमआरआय मी करायला सांगितला नाही. त्यात काहीही दिसलं असतं तरी आमची पुढची पावलं तीच राहिली असती, आणि आठ-दहा हजारांचा खर्च त्या घराला लहान नव्हता. लक्ष कमी पडतं हे खरं होतं, आणि अशा मुलांत अतिचंचलतेचं निदान इतरांपेक्षा जास्त आढळतं हेही खरं. पण गोष्ट ऐकताना हा मुलगा वीस मिनिटं हलत नव्हता. औषधाचा विचार मी पुढे ढकलला.

शाळेत गेले तेव्हा बाईंनी आधीच सांगितलं, “मॅडम, सत्तावन्न मुलं आहेत वर्गात.” त्यांचं बरोबरच होतं. मी फक्त ती ३१३७ ची बेरीज त्यांच्यासमोर ठेवली आणि उभ्या रांगांनी वाचायला सांगितली. त्यांनी दोनदा वाचली. मग त्यांनीच विचारलं, “म्हणजे याला बेरीज येते?” त्या एका प्रश्नानंतर माझं काम निम्मं झालं. गणितासाठी चौकटीची वही आली, एका चौकटीत एकच आकडा. फळ्यावरून उतरवणं बंद, त्याऐवजी शेजारच्या मुलीच्या वहीची झेरॉक्स, आणि त्यावर त्याने फक्त उत्तरं लिहायची. परीक्षेत वेळ थोडा जास्त, काही प्रश्न तोंडी. बाईंनी स्वतःहून आणखी एक केलं: त्याला रोज वर्गात गोष्ट सांगायला उभं करू लागल्या.

घरी आम्ही त्याची ताकद वापरली, म्हणजे बोलणं. कुठलंही काम करताना पायऱ्या मोठ्याने म्हणायच्या. “आधी खालचं बटण. मग त्याच्या वरचं.” दप्तर भरण्याची पट्टी दारामागे चिकटवली. ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे हाताची रोजची कामं शिकवणारे उपचार, आठवड्यातून दोनदा हवी होती, जमली एकदा, कारण वडिलांची दुसरी शिफ्ट असली की धायरीहून येणार कोण? मेंदू तल्लख करण्याची म्हणून मोबाइलवर जी ॲप्स मिळतात त्यांतलं एक आईने आणलं होतं. त्याचे गुण महिन्याभरात वाढले, वही होती तशीच. मी ते काढून टाकायला सांगितलं.

खेळाचा तास हा स्वतंत्र विषय होता. आठ वर्षं हा मुलगा मैदानाच्या कडेला बसून होता, कारण सगळ्यांच्या लेखी तो हृदयाचा पेशंट. कार्डिओलॉजिस्टनी तपासून चिठ्ठी लिहून दिली की खेळायला कसलीही मनाई नाही. आजींनी ती चिठ्ठी दोनदा वाचून घेतली. पहिल्या दिवशी लंगडीत तो तीन उड्यांत पडला. त्या दिवशी घरी काय झालं ते विचारू नका. पण पडल्याशिवाय तोल यायचा कुठून?

या सगळ्यात मला राहून राहून एकच गोष्ट खुपत राहिली. हे पुण्यात घडलं. याच शहरात के. ई. एम. रुग्णालयात सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ दरम्यान जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा थेट अठराव्या वर्षापर्यंत केला. बाराव्या वर्षी त्या मुलांत काय सापडलं? बुद्ध्यांक तुलनेला घेतलेल्या मुलांपेक्षा थोडा खाली, बघून हाताने करण्यात अडचण, वाचनात आणि गणितात अडचण. अर्णवच्या वहीचंच वर्णन. अशा कामामुळेच कमी वजनाचं बाळ घरी जाताना आज आपल्याकडे डॉक्टर ‘हाय रिस्क क्लिनिकला या’, म्हणजे वाढीवर लक्ष ठेवणाऱ्या तपासणीला या, असं सवयीने म्हणतात. अशा हृदयदोषाच्या बाळाचा मेंदू जन्मतःच महिन्याभराने कोवळा असू शकतो हे माहीत असताना त्याला ही वाट का दाखवली जात नाही? साधनं हाताशी आहेत. बडोद्याच्या प्रमिला फाटक यांनी आपल्या बाळांसाठी बसवलेली अडीच वर्षांपर्यंतची विकासमापन पट्टी आहे. २०१३ साली महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तर जन्मजात दोष आणि विकासातला उशीर दोन्ही एकाच यादीत आहेत, आणि अशा मुलांना लवकर मदत मिळावी म्हणून जिल्ह्याला शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ सालीच लिहून ठेवलं की या मुलांची विकासाची तपासणी एक ते दोन वर्षं, तीन ते पाच वर्षं आणि अकरा-बारा वर्षं या टप्प्यांवर ठरवून व्हावी, तक्रार असो वा नसो. नऊ पानांच्या कागदात ही एक ओळ मावते. अर्णव घरी जातानाच ती मिळाली असती तर कदाचित तो पालथा पडला असता, आधी रांगला असता, आणि ‘आळशी’ हा शब्द त्याच्या वाट्याला आला नसता.

वर्षभराने पुन्हा चाचणी घेतली. हाताच्या भागातला ८३ चा ८६ झाला. याला सुधारणा म्हणत नाहीत, इतका फरक चाचणीतच होतो, आणि मी आईला तसं स्पष्ट सांगितलं. घरचा अभ्यास मात्र तीन तासांवरून सव्वा तासावर आला होता. गणिताचा पेपर पहिल्यांदाच पूर्ण सोडवून झाला. नाडी अजून आजीच बांधतात.

त्या दिवाळीचा त्याचा किल्ला मी फोटोत पाहिला. आदल्या वर्षी त्याने सगळ्यात आधी महाराज आणि मावळे मांडले होते आणि मग त्यांच्या भोवती माती रचायला घेतली होती. चाळीतली मुलं हसली, त्याने सगळं लाथेने उडवलं होतं. या वर्षी त्याने भिंतीवर खडूने लिहून घेतलं, आईकडून: विटा, गोणपाट, चिखल, पायऱ्या, अळीव, तटबंदी, शेवटी महाराज. प्रत्येक पायरी झाली की मोठ्याने वाचायचा आणि खोडायचा. तटबंदी एका बाजूला कललेली होती. बुरूज तीनच. महाराज वर होते.

शेवटच्या भेटीत आईने पिशवीतून फाइल काढली. आता एकच फाइल होती, हृदयाच्या कागदांमागेच माझे कागद लावलेले. वरच्या पुठ्ठ्यावर तिने निळ्या पेनाने पुढच्या इकोची तारीख लिहिली होती. त्याखाली जागा ठेवून मला विचारलं, “अकराव्या वर्षाची तपासणी म्हणालात ना, ती कधी लिहू?”